गच्चीवरचा हीट पंप थंडीत कमी पडतो तेव्हा

पुण्यात किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की गच्चीवर पाणी तापवणारा हीट पंप बसवलेल्या सोसायट्यांमध्ये दोन तक्रारी एकदमच येऊ लागतात: सकाळी नळाला कोमट पाणी येते आणि यंत्रावर बर्फ धरलेला दिसतो. मग यंत्रच कमी क्षमतेचे घेतले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वास्तविक पुण्याची थंडी हीट पंपाला झेपणार नाही इतकी कडक नसते. त्यामुळे इथे जाड बर्फ दिसला, तर हवामानाला दोष देण्याआधी यंत्राची हवा कुठे अडते आहे ते पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि त्यासाठी बाहेरची कॉइल, म्हणजे पातळ पत्र्या लावलेली नळ्यांची जाळी, हवेपेक्षा बरीच थंड राहावी लागते. पहाटे ८-९ अंशांच्या दमट हवेत कॉइलचे तापमान शून्याच्या आसपास जाते, तिच्यावर साचलेले दव गोठते आणि पांढरा पातळ थर बसतो. थर वाढला की हवेची वाट बुजते, कॉइल आणखी थंड होते आणि बर्फ अधिक वेगाने धरतो. तो काढण्यासाठी यंत्र अधूनमधून डिफ्रॉस्ट करते, म्हणजे स्वतःच बर्फ वितळवते. बहुतेक यंत्रांत त्या वेळी गॅसचा प्रवाह उलटवणारा फोर-वे व्हॉल्व्ह फिरतो, पंखा थांबतो आणि यंत्रात उष्णता वाहून नेणारा गॅस गरम होऊन बाहेरच्या कॉइलमध्ये येतो आणि बर्फ वितळवतो.

व्हॉल्व्ह फिरताना ‘फुस्स’ असा मोठा आवाज होतो, कॉइलवरून वाफ निघते आणि खाली पाणी ठिबकते. हे सगळे ठीक आहे. वाफेला धूर समजून वॉचमनने मेन स्विच पाडू नये म्हणून त्याला हे आधीच समजावून सांगावे, कारण डिफ्रॉस्ट अर्धवट राहिले की कॉइलवर उरलेले पाणी पुन्हा गोठते आणि त्याचा टणक बर्फ होतो. घरातल्या हॉट अँड कोल्ड एसीची गरम हवा मध्येच काही मिनिटे बंद होते, तीही याच कारणाने. डिफ्रॉस्ट साधारण ५ ते १० मिनिटांत संपते. ते दर अर्ध्या तासाच्या आतच होऊ लागले, किंवा संपल्यावरही बर्फ तसाच राहिला, तर बिघाड शोधावा.

त्यासाठी पहाटे सहाच्या सुमारास टॉर्च घेऊन गच्चीवर जावे आणि बर्फ कुठे आहे ते नीट पाहावे. संपूर्ण कॉइलवर सारखा पांढरा थर असेल आणि तो डिफ्रॉस्टमध्ये निघून जात असेल, तर काळजीचे कारण नाही. कॉइलचा एकच भाग बर्फाने भरला असून बाकीचा कोरडा असेल, तर गॅस कमी असण्याची किंवा कॉइलमध्ये जाणारा गॅस नियंत्रित करणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडथळा असण्याची शंका घ्यावी. फक्त तळाशी बर्फाची लादी साचत असेल, तर निचऱ्याचे भोक बुजलेले असते. वाळलेली पाने आणि कबुतरांची पिसे तिथे हमखास अडकतात. सगळी कॉइल जाड बर्फात बुडाली असेल, तर पंखा, कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर किंवा फोर-वे व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी काम करत नाही. बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये, उकळते पाणी ओतू नये. यंत्र बंद करून साधे नळाचे पाणी सोडावे.

वाघोली, मोशी, हिंजवडी अशा बांधकामे चालू असलेल्या भागांत कॉइलवर सिमेंटच्या धुळीचा लेप बसतो. माझ्या अनुभवात थंडीतल्या निम्म्याहून अधिक तक्रारी केवळ कॉइल धुऊन मिटतात. एमसीबी पाडून, पाण्याचा दाब कमी ठेवून, शक्य तर आतून बाहेरच्या दिशेने धुवावे, म्हणजे पातळ पत्र्या दुमडत नाहीत. पावसाळ्यासाठी बांधलेली शेड किंवा ताडपत्री यंत्राला खेटून असेल, तर बाहेर फेकलेली गार हवा पुन्हा आत ओढली जाते. हा अडथळाही काढावा.

सेन्सर तपासणे अवघड नाही. वीज बंद असताना तो कॉइलवरच्या नळीला घट्ट चिकटलेला आहे ना, ते आधी पाहावे. २५ अंशांना १० किलोओमचा सेन्सर असेल, तर तो काढून स्टीलच्या भांड्यात बर्फ-पाण्यात बुडवावा. मल्टिमीटरवर साधारण ३२-३३ किलोओम दिसायला हवेत. आकडा फारच वेगळा आला, तर सेन्सर बदलावा. यापुढचे विजेचे काम टेक्निशियनकडेच द्यावे.

तोच टेक्निशियन दर हिवाळ्यात गॅस भरून जात असेल, तर मात्र त्याला थांबवावे. गॅस आपोआप संपत नाही. गळती शोधून बंद केल्यावर, यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाप्रमाणेच तो भरला पाहिजे.

पाणी मुळीच तापत नाही आणि बर्फही नाही, अशा वेळी बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, क्षार साचले आहेत का, ते तपासावे. पाणी छान गरम, पण बिल अचानक वाढलेले, अशी स्थिती असेल, तर मदतीला बसवलेला विजेच्या हीटरचा रॉड सतत चालू राहून पंपाचा बिघाड झाकत असतो.

आता क्षमतेचा हिशेब. १००० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३५ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. थंडीत टाकीतले पाणी २० अंशांवर आले की तीच गरज ४१ युनिटांवर जाते, आणि नेमकी त्याच वेळी यंत्राची क्षमता घटते. पण पुण्यात जानेवारीतही दुपारी हवा कोरडी आणि बहुधा २८-३० अंशांची असते. म्हणून टायमर पहाटे चारऐवजी दुपारी बारा ते पाच असा लावावा. त्या वेळी बर्फ धरत नाही आणि तेवढेच पाणी कमी विजेत तापते. पहाटेसाठी फक्त थोडी भर घालण्याची वेळ ठेवावी. टाकी आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत नेल्यास साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला हे न्यूमोनियासारखा आजार करणारे जंतू वाढण्याचा धोका कमी होतो. टाकीचे आणि गच्चीवरच्या पाइपांचे आवरण उन्हाने फाटलेले असेल, तर टायमर बदलण्याआधी ते दुरुस्त करावे, एरवी दुपारी साठवलेली उष्णता रात्रीतच निघून जाते.