फुटांवरून मिनिटं: जुन्या सिनेमाची लांबी कशी काढावी

सव्वीस वर्षं मी टॉकीजच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवला. सिनेमा किती तासांचा, असं आमच्यात कुणी विचारत नसे; "किती रिळं?" एवढंच. जुन्या नोंदींतही लांबी फुटांत असते, आणि हल्लीची मुलं तिथेच अडतात.

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमनं पळतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट. फुटांना ९०नं भागा, झालं. सेन्सॉरच्या दाखल्यावर मीटर असतील तर २७.४नं भागा. ३,९०० मीटरची साधारण १४२ मिनिटं होतात, मध्यंतर वेगळं.

मूकपटाला मात्र हा ९०चा आकडा लावायचा नाही. 'राजा हरिश्चंद्र' घ्या. ३ मे १९१३ला गिरगावात कोरोनेशन थेटराला लागला, लांबी ३,७०० फूट. ९०नं भागलं तर ४१ मिनिटं येतात. पण तेव्हा हँडल हातानं फिरवत. १६ फ्रेमचा वेग धरा: सेकंदाला बरोबर एक फूट, म्हणजे एक तास दोन मिनिटं! २०चा धरा, तर मिनिटाला ७५ फूट आणि ४९ मिनिटं. तेव्हा मूकपटाची नुसती मिनिटं लिहू नका, कोणता वेग धरलात तेही शेजारी लिहा. फिल्म बघायला मिळाली तर चालणाऱ्या माणसांकडे बघा. ती तुरुतुरु पळत असतील तर वेग जास्त झालाय.

आता, हे फूट कुठून आले तेही बघा. १९१८च्या कायद्यानं थेटराला परवाना आणि सिनेमाला दाखला सक्तीचा केला; लांबीचे फूट या दाखल्यातले. परवान्यामागे आगीची धास्ती होती. तेव्हाची नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्यातही विझत नसे. १९२०पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथली सेन्सॉर बोर्डं दाखले देऊ लागली. एका प्रांतात चालणारा सिनेमा दुसरीकडे अडायचा. १९२१च्या 'भक्त विदुर'मध्ये विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी होती. मद्रास आणि सिंधमध्ये त्या सिनेमावर बंदी आली. म्हणून लांबीबरोबर दाखला कोणत्या बोर्डाचा तेही टिपून ठेवा. जाहिरातीतले फूट आणि दाखल्यातले फूट जुळले नाहीत, तर मी दाखल्यातले धरतो. नंतरच्या काळातल्या दाखल्यावर खाली डावीकडे त्रिकोण दिसला, तर कात्री लागली आहे हे नक्की.

प्रत्यक्ष डब्यातली प्रिंट मोजाल तर ती बहुतेकदा कमीच भरते. फिल्म तुटली की जोड मारताना फ्रेम जातात. शिवाय आमचे एक मालक, लोकांची शेवटची एसटी चुकू नये म्हणून रात्रीच्या खेळाला गाणं गाळायला लावायचे. गाळलेला तुकडा परत जोडताना थोडी फिल्म जायचीच. तेव्हा प्रिंट शंभरेक फुटांनी कमी भरली, तर लगेच सेन्सॉरच्या नावानं बोटं मोडू नका. ते मिनिटभर आम्हीही खाल्लेलं असू शकतं.