नवजात बाळाच्या डोक्याचा घेर मोजताना या चुका टाळा

नवजात विभागातली कुठलीही फाइल उघडा आणि डोक्याच्या घेराचा रकाना बघा. ३३, ३३, ३३.५, ३४. देवानं सगळी डोकी अर्ध्या सेंटिमीटरच्या पटीत घडवली असतील तर प्रश्नच मिटला. नसतील, तर कुणीतरी टेप गुंडाळली, ओझरती नजर टाकली आणि जवळचा सोयीचा आकडा लिहून मोकळं झालं. मुदतपूर्व बाळ स्थिरावल्यावर त्याचं डोकं आठवड्याला साधारण ०.५ ते १ सेंमी वाढतं. सोयीसाठी तुम्ही जो अर्धा सेंटिमीटर खाल्लात, तीच कदाचित त्याची आठवडाभराची कमाई होती. आकडा मिलिमीटरपर्यंत लिहा. ३३.४ असेल तर ३३.४.

टेप मागे मानेकडे घसरते

सगळ्यांत जास्त दिसणारी आणि सगळ्यांत कमी पकडली जाणारी चूक ही. टेप पुढून भुवयांच्या लगेच वरून, बाजूंनी कानांच्या वरून आणि मागून डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर आलेला असतो त्यावरून जायला हवी. पण बाळ उताणं असतं. टेप डोक्याखालून ओढली जाते, मागच्या उंचवट्यावरून उतरून मानेकडे बसते आणि समोरून मात्र सगळं झकास दिसतं.

ही चूक काय करते ते एका नेहमीच्या प्रसंगात बघा. गरोदरपणाच्या २९ आठवड्यांना जन्मलेलं, आता तीन आठवड्यांचं बाळ सीपॅपवर (नाकातून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर) आहे. खरा घेर २७.८ सेंमी. रात्रपाळीत टेप मागे घसरते, नोंद होते २७.४. पुढच्या सोमवारी खरा घेर असतो २८.६, पण नळ्या धरून ठेवणारी सीपॅपची टोपी काढायची कटकट नको म्हणून तिच्यावरूनच टेप फिरते. कापडाची जाडी सगळीकडे जेमतेम १ मिमी धरली तरी घेर ६ मिमीनं वाढतो, कारण जाडीच्या सव्वासहा पट भर घेरात पडते. नोंद होते २९.२. खरी वाढ ०.८ सेंमी, कागदावर १.८.

आठवड्याला १.२५ सेंमीच्या पुढे वाढ दिसली की मेंदूत पाणी साठतंय का ते बघायचं, हे रेसिडेंट डॉक्टरला पाठ असतं. लगेच फोनाफोनी, सोनोग्राफीचं मशीन ढकलत आणलं जातं, आईला बाहेर बसवलं जातं आणि तिला कुणी धड काही सांगत नाही. सोनोग्राफीत मेंदूतल्या पोकळ्या होत्या तशाच. दुपारी एखादी जुनी सिस्टर टोपी काढून मोजते, तर २८.६. दोन्हींतली एकही चूक मोठी नव्हती. एक कमी दाखवणारी होती, एक जास्त. वाढ काढताना दोघींची बेरीज झाली.

उपाय कंटाळवाणा आहे, आणि घाईत असणाऱ्यांना तो आवडत नाही. मोजायला दोघं लागतात. सीपॅपची टोपी आणि नळ्या स्वच्छ करायला काढता तीच मोजायची वेळ ठेवा, म्हणजे बाळाला दोनदा त्रास नाही. एकानं मान सरळ ठेवून डोकं बोटभर उचलायचं, दुसऱ्यानं हातात थोडी गरम केलेली टेप सपाट सरकवायची. ओढायची नाही, २८ आठवड्यांच्या बाळाची कातडी टेपच्या कडेनं सोलते. मग मागे बोट फिरवून टेप उंचवट्यावर आहे ना ते चाचपायचं, किंचित वर-खाली करून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. केस दबतील इतकी घट्ट, कातडीत रुतेल इतकी नाही. फार आवळलीत तर कवटीची हाडं एकमेकांवर चढतात आणि घेर खोटाच कमी येतो. टेप पूर्ण काढून पुन्हा एकदा मोजायचं. दोन आकड्यांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुदेशीय वाढ अभ्यासात दोन मोजणाऱ्यांमध्ये ५ मिमीपर्यंतचा फरक चालत होता, पण ती निरोगी बाळं होती. किलोभराच्या बाळाला इतकी सूट देणं बरं नाही.

आणि मोजण्याआधी मागचा आकडा बघू नका. फाइल उघडी ठेवून मोजणारा हात अपेक्षित आकड्यावरच येऊन थांबतो. त्यामुळे खोटी वाढ लपली तर एक वेळ परवडेल. खरी वाढ लपली तर आठवडा फुकट जातो. आकडा आधी हातावर नाहीतर कागदाच्या तुकड्यावर लिहावा, मग फाइल उघडावी.

शिंप्याची टेप

बंद करा. कापडी टेप ताणते, आणि ताणलेली टेप घेर कमी दाखवते. न ताणणारी फायबरग्लासची किंवा एकदा वापरून टाकायची कागदी टेप घ्या. शून्य कुठून सुरू होतं ते बघा. काही टेपवर ते टोकाशी नसून थोडं आत असतं. प्लॅस्टिकची टेप रोज स्पिरिटनं पुसून आकडे पुसट झाले असतील किंवा स्टीलच्या पट्टीशी जुळत नसतील तर फेकून द्या. शक्यतो प्रत्येक बाळाला वेगळी टेप.

इंच-सेंटिमीटरचा घोळ

टेपची एकच बाजू वापरा आणि दुसरीवर चिकटपट्टी लावा. एवढंच.

जन्मल्या जन्मल्या मोजलेला आकडा अंतिम धरणे

प्रसूतीत दबून डोकं लांबट होतं, डोक्यावर सूज येते. ती एक-दोन दिवसांत उतरते, आकार सावरतो आणि घेर बदलतो. जन्माचा आकडा लिहा, पण तिसऱ्या दिवशी किंवा घरी सोडताना पुन्हा मोजून तो तुलनेसाठी धरा. मुदतपूर्व बाळाचा घेर पहिल्या आठवड्यात थोडा कमी होऊ शकतो. अंगातलं पाणी घटलेलं असतं. त्यावर लगेच अर्थ काढू नका.

व्हॅक्यूम (डोक्याला चिकटवून बाळ ओढायची शोषक वाटी) लावून झालेल्या प्रसूतीत मात्र थांबायचं नाही. डोक्याच्या कातडीखाली पसरणारा रक्तस्राव काही तासांत बाळाचा जीव घेऊ शकतो. घेरातल्या १ सेंमी वाढीमागे साधारण ४० मिली रक्त गेलेलं असू शकतं, आणि ३ किलोच्या बाळात एकूण रक्तच जेमतेम २४० मिली. अशा बाळाचा घेर काही तासांच्या अंतरानं मोजा, डोकं पिशवीसारखं लिबलिबीत लागतंय का, कान पुढे ढकलले गेलेत का ते बघा. सोबत नाडी आणि रंगही. घेर वाढेपर्यंत वाट बघणं चुकीचंच.

रोज मोजायचा हट्ट

चांगली वाढ म्हणजे दिवसाला एक-दीड मिलिमीटर, आणि सरावलेल्या हातांच्या दोन वाचनांतही दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. रोज मोजून काय मिळवणार? आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, लांबीबरोबर मोजा. पहिल्या तीन दिवसांत फार लहान बाळाला विनाकारण हलवूच नका, मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. रक्तस्राव झालेल्या बाळाचा घेर आठवड्यातून दोनदा मोजा, पण भरवसा सोनोग्राफीवर ठेवा. मेंदूतल्या पोकळ्या आधी फुगतात, डोकं नंतर वाढतं. टेपला कळेपर्यंत बराच वेळ निघून गेलेला असतो.

उलट वाढ सलग दोन-तीन आठवडे अर्ध्या सेंटिमीटरखाली राहिली तर आधी दुधाचा हिशोब तपासा. बाळाला दिवसाला किलोमागे साडेतीन-चार ग्रॅम प्रथिनं मिळतायत का?

वय न सुधारता तक्त्यावर टिंब देणे

दुसरी डोकेदुखी ही. ३० आठवड्यांना जन्मलेला मुलगा १४ आठवड्यांचा होऊन तपासणीला येतो, डोकं ३७.० सेंमी. कुणीतरी तो आकडा तीन महिन्यांच्या मुलांच्या तक्त्यावर टाकतं. तिथे मधली रेघ ४०.५ ची आणि खालची मर्यादा सुमारे ३८.१ ची. लगेच ‘डोकं लहान’ असा शेरा पडतो, आणि आईबाप एमआरआयच्या रांगेत लागतात. खरा हिशोब सोपा: ३० अधिक १४ म्हणजे ४४ आठवडे, त्यातून पूर्ण दिवसांच्या गरोदरपणाचे ४० वजा, उरले ४. मूल वाढीच्या दृष्टीनं महिन्याचं आहे, आणि महिन्याच्या मुलाची मधली रेघ ३७.३ आहे. डोकं उत्तम चाललंय.

दोन वर्षांपर्यंत हे असं काढलेलं सुधारित वयच धरा. सुरुवातीला मुदतपूर्व बाळांचा फेंटन तक्ता (गरोदरपणापासून मोजलेले २२ ते ५० आठवडे) किंवा इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय वाढ अभ्यासाचा मुदतपूर्व बाळांचा तक्ता (तसेच मोजलेल्या ६४ आठवड्यांपर्यंत), त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेचा. इंटरग्रोथच्या आठ केंद्रांपैकी एक नागपूर होतं, त्यामुळे ‘हे परदेशी मोजमाप’ ही सबब चालणार नाही. मात्र मधेच तक्ता बदलू नका. रेघा वेगळ्या असल्यानं न झालेली उडी दिसते. मोबाइलच्या ॲपमध्ये आकडा टाकून पर्सेंटाइल (शंभर मुलांत कितवा क्रमांक) काढणाऱ्यांनी आधी त्यात जन्माचे आठवडे भरले आहेत का ते बघावं.

घरच्यांसाठी

जावळ काढल्यावर घेर दोन-तीन मिमीनं कमी येऊ शकतो, घाबरू नका. पुढच्या नोंदीपाशी ‘जावळ काढलं’ एवढं लिहा. टाळू भरून लगेच मोजायला आणू नका, तेलानं टेप सरकते. मालिशवाल्या बाईंनी डोकं दाबून गोल केल्यानं ते वाढतही नाही आणि सुधारतही नाही. अतिदक्षता विभागात कुशीवर झोपलेल्या बाळांचं डोकं लांबट, चपटं होतं आणि त्याचा घेर थोडा जास्त भरतो. फाइलवर आकारही लिहून घ्या. डोकं जन्मापासूनच मोठं असेल आणि रेघेला धरून वाढत असेल तर डॉक्टरांनी आधी आईबापांची डोकी मोजावीत.

घरी टेप आणून रोज मोजत बसू नका. शांत बसलेल्या बाळाची टाळू ताठ फुगलेली, डोळे खाली वळलेले, सारखी उलटी, दूध ओढत नाही किंवा श्वास मधेच थांबतोय, यांतलं काहीही दिसलं तर टेप शोधायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.