दशकाचा गठ्ठा सुटला पाहिजे : नव्या शिक्षकांसाठी शैक्षणिक साहित्याविषयी

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचा पहिल्याच महिन्यात एक प्रश्न ठरलेला असतो : वर्गासाठी साहित्य काय काय करू? कार्डशीट किती आणू, तक्ते विकतचे घेऊ की घरी रंगवू? या प्रश्नामागची तळमळ मला मनापासून आवडते. पण खरेदीला निघण्याआधी आठवडाभर वर्गात नुसतं बघा, मूल नेमकं कुठे अडतंय ते. अडचण कळली की साहित्य आपोआप सुचतं, आणि बहुतेक वेळा ते गावातच मिळतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळताना मी हेच शिकत आले आहे.

हातच्याच्या वजाबाकीचंच बघा. दुसरीतलं मूल 42 वजा 17 करतं आणि बिनधास्त 35 लिहितं. एककात 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून त्याने 7 मधून 2 काढले. दशकात 4 मधून 1 गेला, 3 उरले. त्याच्या परीने त्याने चोख हिशेब केलेला असतो. 42 मध्ये चार दहा आहेत आणि त्यातला एक दहा मोडता येतो, हे मात्र त्याच्यासमोर कधी घडलेलं नसतं. आपण फळ्यावर 4 खोडून 3 लिहितो, 2 च्या डोक्यावर बारीक 1 ठेवतो आणि ‘शेजाऱ्याकडून उसना घेतला’ म्हणतो. उसनं परत द्यायचं असतं हे मुलाला घरून माहीत असतं. इथे ते परत जात नाही, आणि का जात नाही हे कुणी सांगत नाही.

यासाठी काड्या लागतात, बाकी काही नाही. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, नाहीतर तुराट्यांचे बोटभर तुकडे करा. दहा-दहा मोजून रबर लावण्याचं काम मुलांचं. तुम्ही घरून गठ्ठे बांधून आणलेत तर मुलाच्या लेखी गठ्ठा ही एक वस्तू होते, त्यात दहा आहेत हे ते फक्त तुमच्या सांगण्यावरून मानतं. स्वतः बांधलेला गठ्ठा त्याला आतून माहीत असतो.

आता चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून म्हणा, ‘यातून सतरा दे मला.’ मूल एक गठ्ठा तुमच्याकडे सरकवतं. मग दोन सुट्या उचलतं, आणि थांबतं. इथे गप्प राहणं नव्या शिक्षकाला फार जड जातं, पण राहा. कुणी तुमच्या तोंडाकडे बघतं, कुणी शेजारच्या गटात डोकावतं. मग एखादं पोर हळूच विचारतं, ‘बाई, हा सोडू का?’ ‘सोड की.’ रबर निघतं, सतरंजीवर दहा काड्या पसरतात, आधीच्या दोन त्यात मिसळतात. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे, पाच काड्या. ‘उसना’ हा शब्द कुणाला आठवतही नाही.

शाळेच्या गणित पेटीत प्लॅस्टिकचे दशक-दांडे असतात, ते दिसायला नेटके म्हणून अनेक जण थेट तिथूनच सुरुवात करतात. माझा त्याला विरोध आहे. दांडा मोडत नाही. तो देऊन दहा सुटे घ्यावे लागतात, म्हणजे मुलाला बदली समजावी लागते, आणि ती सोडण्याच्या पुढची पायरी आहे. नोटा-नाणी त्याच्याही पुढची, कारण दहाची नोट दहा नाण्यांएवढी दिसत नाही, तिच्या दहापणावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून आधी काड्या, मग दांडे, मग नोटा. किराणा दुकानात रोज जाणारी मुलं नोटांपाशी लवकर पोचतात, त्यांना अडवू नका.

मराठी संख्यावाचन हा आपल्याकडचा वेगळाच घाट आहे. ‘एकोणतीस’ सांगितलं की मुलं 39 लिहितात, कारण कानावर ‘तीस’ पडतं. ‘सत्तावन’मध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून 75. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 मध्ये ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात तुम्ही कोणत्याही बाजूला असा, वर्गातली अडचण खरी आहे. त्यावर मला सर्वांत उपयोगी पडली ती गणितमाळ : शंभर मणी, दहा एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या, असे आळीपाळीने ओवलेले. माळ वर्गात मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर आडवी बांधा आणि कपड्यांचा चिमटा द्या. ‘तिसाव्या मण्यानंतर लाव. आता एक मागे ये.’ एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे त्या मागे येण्यात मुलाला सापडतं. एकोणचाळीस, एकोणपन्नास मग ते स्वतः लावून दाखवतं. गणितमाळ मुख्याध्यापकांच्या कपाटात टांगलेली दिसली तर विनंती करून वर्गात आणा.

भाषेच्या चित्रकार्डांबाबत एक काळजी घ्या. कार्डावर ‘क’ आणि खाली कमळाचं चित्र असतं. मूल चित्र बघून म्हणतं ‘फूल’. आता त्याच्यासाठी ते अक्षर ‘फ’ झालं. ‘ऐरण’ आजच्या किती मुलांनी पाहिली आहे? घरी कोरकू, गोंडी, भिली किंवा वारली बोलणाऱ्या मुलाची अडचण तर दुप्पट होते. म्हणून कार्ड छापण्याआधी चित्र मुलांना दाखवून विचारा, ‘हे काय?’ सगळ्यांच्या तोंडून जो शब्द सहज येईल, त्याचंच कार्ड करा. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद यासाठी उत्तम, जाड आणि फुकट. घरची बोली बोलणाऱ्या मुलाचा शब्दही त्याच कार्डाच्या मागे देवनागरीत लिहून ठेवा, ते मूल दुसऱ्या दिवशी वर्गात जास्त बोलतं.

आपल्या मातीत या कामाची मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. माँटेसरी पद्धतीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यावर कुठून आणायचं? त्यांनी शिंपले, बिया, पानं, दगड यांतून साहित्य उभं केलं आणि मुलं शाळेत येत नव्हती तेव्हा अंगणात जाऊन शिकवलं. टाकाऊतून विज्ञान-खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमिती मुलांच्या हातात दिली. तिसरी-चौथीत हे जरूर करून बघा. नळीचे तुकडे सांध्यांना लावून एक त्रिकोण आणि एक चौकोन करायला सांगा, मग दोन्ही दाबायला सांगा. चौकोन कलंडतो, त्रिकोण हलत नाही. गावातल्या पत्र्याच्या शेडच्या छताला आधार देणाऱ्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मग मुलं तुम्हाला दाखवायला नेतात.

पैशांविषयी थोडं. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये मिळत. आजही गरज आहे ती रकमेपेक्षा नगाची. एकच सुंदर प्रतिकृती टेबलावर ठेवली की चाळीस मुलं ती लांबून बघतात. चार मुलांमागे एक संच असेल तर प्रत्येकाचा हात लागतो. म्हणून एका वेळी एकच साहित्य करा, पण सगळ्या गटांना पुरेल इतकं. रबर उन्हाळ्यात वाळून तुटतात. सायकलच्या दुकानातून टाकाऊ ट्यूब आणून तिच्या चकत्या कापल्या तर त्या वर्षानुवर्षं टिकतात. प्रत्येक गटाला झाकणाचा डबा द्या आणि काड्या मोजून काढणं, मोजून ठेवणं गटावर सोपवा. मोजणीचा तो रोजचा सरावही होतो. आणि नवं साहित्य आणाल त्या दिवशी शिकवू नका, मुलांना खेळू द्या. मनोरे रचून झाल्याशिवाय काड्यांचं गणित होत नाही.

स्मार्ट टीव्ही आता लोकवर्गणीतून पुष्कळ शाळांत आला आहे. ज्वालामुखी, धडधडतं हृदय, विदर्भातल्या मुलाला समुद्र, हे त्यावरच दाखवावं. मटकीला मोड येताना मात्र पडद्यावर दाखवू नका. ओल्या फडक्यात बांधून खिडकीत ठेवा, एक-दोन दिवसांत मुलं स्वतः बघतील आणि वासही घेतील.

साहित्य कधी काढून घ्यायचं, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. डी.एल.एड. या शिक्षक पदविकेला मानसशास्त्रज्ञ ब्रूनर वाचलेला असतो : आधी कृती, मग प्रतिमा, मग प्रतीक. वर्गात त्याचा अर्थ असा की काड्या जमल्या की वहीत गठ्ठ्याला उभी रेघ आणि सुट्या काडीला टिंब काढून उदाहरण सोडवायचं. रेघ खोडून दहा टिंबं काढता आली की अंकांकडे जायचं. डबा झाकून विचारा, ‘आता आत काय होईल?’ मूल न उघडता सांगू लागलं की त्याला काड्यांची गरज संपली. अडलं, तर डबा पुन्हा उघडा, चौथीतल्या मुलासाठीसुद्धा. त्यात कमीपणा नाही, हे त्यालाही सांगा.

पाठ टाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ असा रकाना असतो. त्यात ‘काड्या, तक्ता’ एवढंच लिहून पुढे जाऊ नका. समोर एक क्रियापद लिहा, मूल काय करेल ते : ‘गठ्ठा सोडेल’, ‘चिमटा एक मणी मागे आणेल’, ‘चौकोन दाबून बघेल’. क्रियापद सुचत नसेल तर ते साहित्य त्या दिवशी वर्गात नेऊ नका, दुसरं शोधा.