छोटी गाडी किती सुरक्षित आहे, हे घेण्याआधी कसं तपासावं

गाडी बघायला गेलेला माणूस एक गोष्ट हमखास करतो. दारावर टकटक करतो आणि "पत्रा पातळ आहे हो" म्हणून मोकळा होतो. ही सवय आधी सोडा. बाहेरचा पत्रा म्हणजे गाडीचे कपडे. जीव वाचवतो तो आतला सांगाडा. धडकेत गाडीचं नाक चुरगळलंच पाहिजे. धक्का तिथे जिरला, तरच माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. अमेरिकेत २००९ साली १९५९ची भलीथोरली शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची मालिबू एकमेकींवर आदळवल्या होत्या. जुन्या धुडाचा पिंजराच कोलमडला.

मग बघायचं काय? आधी क्रॅश टेस्टचा निकाल. या चाचणीत गाडीला पाचपैकी तारे मिळतात. जाहिरातीतले तारे मोजून थांबू नका, चाचणीचं वर्ष विचारा. फियाट पुंटोला युरो एनकॅपने, म्हणजे युरोपात गाड्यांची क्रॅश टेस्ट करणाऱ्या संस्थेने, २००५ साली पाच तारे दिले होते आणि २०१७ साली शून्य. दरम्यान कसोटी कडक होत गेली, गाडी मात्र फारशी पुढे सरकली नाही. चाचणी कोणत्या व्हेरियंटची झाली तेही पाहा. तुम्ही घेताय त्यात तेवढ्याच एअरबॅग आहेत ना? ग्लोबल एनकॅप या अशाच दुसऱ्या संस्थेच्या अहवालात सांगाडा 'स्थिर' की 'अस्थिर' असा शेरा असतो. मी तारे नंतर बघतो, हा शेरा आधी. मुलांच्या सुरक्षेचे गुणही वेगळे दिलेले असतात.

एक कटू गोष्ट इथेच सांगतो. समोरच्या धडकेचे तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच तोलता येतात. पाच तारे असलेली छोटी गाडी दुप्पट वजनाच्या गाडीला धडकली, तर जास्त मार छोटीलाच बसणार. म्हणून धडक टाळणाऱ्या गोष्टींना छोट्या गाडीत जास्त मोल. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस हवंच, पण घसरणारी गाडी सावरणारं ईएससी आहे का, हे नेमकं विचारा. टचस्क्रीन लहान असली तरी चालेल, हे नसेल तर नको.

आता मागच्या सीटवर जाऊन बसा. बहुतेक जण बसतच नाहीत. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा? हेडरेस्ट वर ओढा. त्याची वरची कड डोक्याच्या टोकापर्यंत यायला हवी. मानेशीच थांबत असेल तर मागून धक्का बसल्यावर मान झटका खाते. सीट आणि तिची पाठ यांच्या फटीत बोटं घाला, आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट अडकवायच्या, कड्या हाताला लागतात का पाहा. बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट पुढे लावणार असाल, तर तिथली एअरबॅग बंद करता आलीच पाहिजे.

जुनी गाडी असेल तर इग्निशन चालू करून डॅशबोर्डकडे बघा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. विझलाच नाही तर बिघाड. लागलाच नाही तर जास्त संशय घ्या, कारण दिवाच काढून टाकलेला असू शकतो. प्रत्येक पट्टा शेवटपर्यंत ओढा, कडा उसवल्यात का बघा, मग झटका द्या. जागच्या जागी अडकायला हवा. शेवटी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. स्टेपनीचे आकडेही वाचा. चारही टायर नवे आणि स्टेपनी दहा वर्षांची, असं बऱ्याचदा निघतं.