दुभंगलेल्या ओठ-टाळूचे उपचार: शिबिराचे केंद्र करताना या चुका टाळा

बाहेरून पथक येते, आठवडाभर ओळीने ऑपरेशने होतात, फोटो निघतात, पथक परत जाते. नुसत्या ओठाचे एवढ्यावर बरेचदा भागते. टाळूचे भागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कायमची सोय उभी करताना घोळ होतो तो बहुधा ऑपरेशनच्या टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे, म्हणजे आधी आणि नंतर.

"वजन वाढवून आणा" म्हणून बाळ परत पाठवणे
ओठासाठी जुना ठोकताळा आहे: वय 10 आठवडे, वजन साडेचार किलो, हिमोग्लोबिन 10. त्यात न बसणारे बाळ घरी जाते आणि महिन्याने तसेच हाडकुळे परत येते. टाळू दुभंगलेली असली की तोंडात ओढ तयार होत नाही. बाळ तासभर छातीशी असते, पोटात मात्र घोटभरच जाते. आईला दूध काढून वाटी-चमच्याने किंवा उकळून घेतलेल्या बोंडल्याने पाजायला शिकवा, आणि तिच्याकडून समोर करून घ्या. बाळाचे डोके वर, निदान 45 अंशांत. धार गालाच्या आतल्या बाजूला, थोडी थोडी, मध्येमध्ये ढेकर. किलोमागे दिवसाला 150 मिली धरा: 3 किलोच्या बाळाला आठ वेळा, दर वेळी 55 ते 60 मिली. पाजणे अर्ध्या तासात उरकावे, नाहीतर बाळ दमते. दर आठवड्याला एकाच काट्यावर, कपडे काढून वजन घ्या.

फक्त चेहरा पाहणे
एकटी टाळू दुभंगलेली असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही; नाकातून दूध येते तेवढीच खूण. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी जातात. त्यांना टॉर्च लावून तोंडात मागेपर्यंत बघायला शिकवा.

सगळ्यांना मध्यरात्रीपासून उपाशी ठेवणे
दुपारी नंबर लागणाऱ्या तान्ह्याची साखर उतरते. भूल देण्याआधी अंगावरचे दूध 4 तास, वरचे दूध 6 तास, साधे पाणी 2 तास बंद. सर्वांत लहान बाळ सकाळी पहिले घ्या.

शेवटच्या दिवशी टाळू घेणे
टाळूच्या ऑपरेशननंतर पहिल्या रात्री रक्तस्राव किंवा श्वास अडकण्याची भीती असते. त्या रात्री ऑपरेशन करणारा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ गावातच हवेत. शेवटच्या दिवशी फार तर ओठ घ्या. ऑक्सिमीटरला बालकांचा प्रोब (बोटाला लावायचा चिमटा) लावा. मोठ्यांचा सैल बसतो आणि आकडे फसवतात.

टाके निघाले की फाइल बंद करणे
शिवण ताणली गेली किंवा जंतुसंसर्ग झाला की टाळूला भोक राहते, आणि ते कळते तोवर पथक निघून गेलेले असते. दोन-तीन आठवड्यांनी तपासणी कोण करणार, हे नावानिशी आधीच ठरवा. टाळू साधारण 9 ते 18 महिन्यांत शिवावी. उशीर झाला तर बोलण्याच्या चुकीच्या सवयी पक्क्या होतात. मूल तीन-चार वर्षांचे झाले की नाकाखाली छोटा आरसा धरून "पपई" म्हणायला लावा. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. वाचा-उपचार तज्ज्ञाकडे पाठवा. दुभंगलेल्या हिरडीत हाड भरण्याची वेळ येते साधारण 8 ते 11 व्या वर्षी. तोवर पत्ता टिकवायचा, म्हणून नोंदवहीत आई-वडिलांचा, मामाचा आणि आशाताईंचा असे तीन फोन लिहा, आणि देणगीतून तपासणीच्या फेऱ्यांचे एसटी भाडे वेगळे काढून ठेवा.