सायकलवर तुळजापूर आणि मदतनिधी: या चुका टाळा

"आधी पाय तयार होऊ देत, पैशाचं शेवटच्या पंधरा दिवसांत बघू." चांगल्या कामासाठी लांबची राइड ठरवलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून मी हे ऐकतो. पहिल्या वर्षी मीही हेच म्हणालो होतो.

आमची राइड डिसेंबरात असते. छत्रपती संभाजीनगरहून निघायचं, गेवराईवरून बीडला मुक्काम, दुसऱ्या दिवशी चौसाळा, येरमाळा, धाराशिव करत तुळजापूर. दोन दिवसांत अडीचशे किलोमीटरच्या वर. निधी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहासाठी. त्या वर्षी मी धडधाकट तुळजापूरला पोचलो, पण जमलेली रक्कम ठरवलेल्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. दसरा-दिवाळीला आईबाप मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन कारखान्याकडे निघतात ते मार्च-एप्रिललाच परततात. मूल गावात, शाळेजवळ राहायचं असेल तर त्याच्या जेवणाची सोय आईबापाची बैलगाडी किंवा ट्रक निघण्याआधी व्हायला हवी. आमचे पैसे पोचले डिसेंबरअखेर. तोवर काही मुलं आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली होती.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो: सराव आणि निधी ही दोन वेगळी कामं समजणं. ज्या आठवड्यात पहिली तीस किलोमीटरची फेरी मारता, त्याच आठवड्यात पहिल्या पाच जणांकडे मागा. आम्ही आता ऑगस्टअखेर दोन्ही सुरू करतो आणि पहिला हप्ता दिवाळीआधी वसतिगृहाला देतो. मागण्याचंही सरावासारखंच आहे. पहिल्या दिवशी कुणाची शंभर किलोमीटर होत नाहीत आणि पहिल्याच माणसापुढे कुणाला नीट बोलता येत नाही. पाचव्या-सहाव्या माणसापाशी आवाज मोकळा होतो.

मागायचं कसं, कधी, कुणाच्या खात्यावर

मोंढ्यातल्या एका आडत्यांकडे गेलो होतो. सोयाबीनचं माप चालू होतं, त्यांनी मान वर न करताच विचारलं, "सायकल तुम्ही चालवणार, मग पैसे आम्हाला कशाचे मागायलाव?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी राइडबद्दल बोलत राहिलो: इतके किलोमीटर, इतका घाट, इतके जण. मुलांबद्दल एक वाक्य बोललो नाही. तरी त्यांनी गल्ल्यातून पाच हजार शंभर काढून काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "पावती द्या." पावतीपुस्तकही नव्हतं.

या एका प्रसंगात तीन चुका आहेत.

पहिली, मदत कशासाठी ते नेमकं न सांगणं. "गरीब मुलांसाठी काहीतरी द्या" म्हटलं की समोरचा खिशात असेल तेवढं देतो आणि विसरतो. संस्थेकडे बसून एका मुलाचा एका महिन्याचा खर्च काढून घ्या: धान्य, भाजी, तेल, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार. समजा तो दीड हजार निघाला, तर "एका लेकराचा एक महिना" एवढंच मागा. माणूस मग आपणहून दोन महिने, सहा महिने असा हिशोब करायला लागतो. किलोमीटरमागे दर ठरवून घेण्याची पद्धतही चांगली आहे, पण राइड मधेच सोडावी लागली तर काय, हे आधीच बोलून ठेवा. आम्ही सांगतो की आकडा पूर्ण अंतराचाच धरायचा, मुलं तर पूर्ण हंगाम राहणार आहेत.

दुसरी, पावती. वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड पाठवून पैसे घेऊ नका, हेतू कितीही चांगला असो. स्वतःच्या नावाने किंवा मित्रमंडळाच्या नावाने धर्मादाय कामाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच ही परवानगी. त्यापेक्षा नोंदणीकृत संस्थेशी आधी बोलून पैसे थेट तिच्या खात्यावर जाऊ द्यावेत. संस्थेकडे ८०जीची मान्यता असेल तर दात्याला आयकरात सवलत मिळू शकते. मात्र जुन्या करप्रणालीत असेल तरच, आणि रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या रकमेवर ती मिळत नाही. आडत्यांचे पाच हजार शंभर रोख घेतले असते तर त्यांची सवलत गेली असती. यूपीआय किंवा चेक घ्या, आणि पॅन क्रमांक त्याच वेळी लिहून घ्या.

याच्याशी जोडूनच एक अडचण हमखास येते. अमेरिकेतला चुलतभाऊ उत्साहाने मोठी रक्कम देऊ करतो. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ते पैसे परदेशी देणगी ठरतात आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर घेता येत नाहीत. पासपोर्ट अजून भारताचाच असेल आणि पैसे नेहमीच्या बँक मार्गाने येत असतील, तर ही आडकाठी नाही. पैसे आल्यावर परत पाठवण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

तिसरी चूक वेळेची. मी पोचलो ते ऐन मापाच्या गडबडीत. दुकानदाराकडे दुपारी गिऱ्हाईक विरळ असताना जावं, नोकरदाराकडे पगाराच्या आठवड्यात. शेतकऱ्याकडे पेरणीच्या दिवसांत पैसे मागायला जाऊच नये, त्याचा पैसा तेव्हा बी-खतात अडकलेला असतो. सोयाबीन-कापूस विकल्यावर जा. आणि रोख नसेल तर धान्य घ्या. वसतिगृहाला ज्वारी रोज लागते. पायलीभर ज्वारी देणाऱ्या आजींचं नाव आमच्या यादीत पाच हजारवाल्याच्या शेजारीच असतं.

"बघू", "देतो की" म्हणणाऱ्यांना लोक पुन्हा फोन करत नाहीत, कारण संकोच वाटतो. एक आठवण जरूर करा. बहुतेकांनी नकार दिलेला नसतो, ते कामात विसरलेले असतात. दोन आठवणींनंतर मात्र थांबा.

राइडचा स्वतःचा खर्च, म्हणजे जर्सी, टेम्पो, नाश्ता, देणगीतून करू नका. ज्याने लेकराच्या जेवणाला पैसे दिले, त्याच्या पैशांतून टी-शर्ट छापणं मला पटत नाही. सायकलस्वारांनी वर्गणी काढावी किंवा त्या खर्चासाठी वेगळा प्रायोजक शोधावा, आणि हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगावं. मुलांचे केविलवाणे फोटो लावून आवाहन करणं तर पूर्ण टाळा. ती मुलं उद्या मोठी होणार आहेत आणि गावात तोच फोटो फिरत राहणार आहे. स्वयंपाकघराचा, वह्यांचा, वसतिगृहाच्या दाराचा फोटो पुरतो.

पायांची तयारी

फक्त रविवारी सायकल काढणं ही इथली नेहमीची चूक. आठवड्यात तीन दिवस तासभर आणि रविवारी एक लांब फेरी, एवढं जमवा. लांब फेरी दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा. दोन दिवसांच्या राइडमध्ये माणूस अडतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यासाठी शेवटच्या महिन्यात एकदा-दोनदा शनिवारी साठ आणि रविवारी ऐंशी असं लागोपाठ करा. शेवटची मोठी फेरी दोन आठवडे आधी आटपा. शेवटच्या आठवड्यात राहिलेला सराव भरून काढायला गेलं की थकलेले पाय घेऊन राइडला उभं राहावं लागतं.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून सरावाला आधी दौलताबाद-वेरूळच्या दिशेने निघा, येताना वारा पाठीला मिळतो. उलट केलं तर शेवटचे वीस किलोमीटर वाऱ्याशी झुंजण्यात जातात आणि नवखा माणूस पुढच्या रविवारी येत नाही. पावसानंतर मातीच्या रस्त्याला लागू नका. काळी माती टायर आणि मडगार्डमध्ये अशी थापते की चाक फिरायचंच थांबतं.

गुडघा दुखायला लागला की लोक बाम लावतात आणि सायकल तशीच ठेवतात. आधी सीट बघा. वाटीच्या पुढच्या बाजूने दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागच्या बाजूने दुखत असेल तर उंच. भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय तेव्हा सरळ व्हायला हवा. ही सुरुवातीची उंची. पुढे चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा वाक येतो. बदल एका वेळी पाच मिलिमीटरचाच करा आणि दोन-तीन दिवस चालवून बघा. सीट नीट असूनही दुखत असेल तर जड गिअर रेटण्याची सवय तपासा. पेडलच्या मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेऱ्या होतील इतका हलका गिअर ठेवा, निदान सपाट रस्त्यावर. तरीही आठवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

हाताची बोटं बधिर होत असतील तर शरीराचा भार हँडलवर जातोय. सीटचं नाक खाली झुकलंय का ते बघा. पॅडची चड्डी आतल्या कपड्याशिवाय घालायची असते, हे पहिल्या वेळी कुणीच सांगत नाही. घासतं तिथे व्हॅसलीन लावा. आणि नवी चड्डी, नवे बूट, नवी सीट राइडच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

खाण्याबाबत मी स्वतः पाचोडच्या पुढे एकदा धडा घेतलाय. निघताना चहा-बिस्किट, मग आडूळला पुन्हा चहा. शहागडचा गोदावरीचा पूल दिसायच्या आधीच पायांतलं त्राण गेलं, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याकडेला बसून मित्राने गुळाचा खडा आणि दोन केळी दिली, वीस मिनिटांनी उठता आलं. भूक लागायची वाट बघू नका. पहिल्या तासापासूनच तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत. एका केळ्यात साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. केळं आणि गुळाची चिक्की, किंवा घरची दशमी, हे महागड्या एनर्जी जेलपेक्षा आपल्या पोटाला सवयीचं आहे. पाणी घोटाघोटाने प्या, आणि नुसतं पाणी पीत राहू नका. घाम खूप गेला आणि मीठ पोटात गेलं नाही की डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसचं लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच टाका. घाईत अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतणारे दरवर्षी दिसतात, त्याने त्रास वाढतो.

रस्त्यावर

बाभळीचा काटा. मराठवाड्यात पंक्चरचं पहिलं कारण हेच. गेवराईच्या अलीकडे आमच्यातल्या एकाने ट्यूब बदलली, दोन किलोमीटरवर पुन्हा हवा गेली, दुसरी ट्यूब टाकली, तीही गेली. टायर उलटा केला तेव्हा आतून काट्याचं टोक दिसलं, जेमतेम दोन मिलिमीटर, रबराच्याच रंगाचं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. ट्यूब काढताना टायर फिरवू नका, म्हणजे ट्यूबचं भोक जिथे आहे, टायरमध्ये काटा त्याच जागी शोधता येतो. आतून फडकं फिरवा, काट्याला अडकतं. बोट फिरवलंत तर रक्त निघेल. टोक नेलकटरने बाहेर ओढा आणि मगच नवी ट्यूब घाला. प्रत्येकाजवळ दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पंप हवा. टेम्पोची वाट बघत उभं राहण्यात तास जातो.

डिसेंबरात उसाचा हंगाम भरात असतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर ऊस बाजूला लोंबणारा, मागे दिवा बहुतेकदा नसतो. उजाडण्याआधी आणि दिवस मावळल्यावर महामार्गावर चालवू नका. ट्रॉली ओलांडताना घाई नको, मागची ट्रॉली झोल खाते. रस्त्याकडेला पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक घसरतं, नजर तिथे ठेवा. एकामागे एक चाला. गप्पा मारायला शेजारी-शेजारी चालणं हे गटातल्या अपघातांचं नेहमीचं कारण आहे.

बीड सोडल्यावर लगेच मांजरसुंब्याचा घाट येतो. सकाळच्या ताज्या पायांनी लोक तिथे जोर लावतात आणि येरमाळ्यापर्यंत मोडतात. हलक्या गिअरमध्ये, बोलता येईल इतक्या दमाने चढा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि वळणाच्या आधीच वेग कमी करा.

तुळजापूरनंतर

देवीचं दर्शन झालं की बहुतेकांच्या लेखी काम संपतं. दात्यांचं मात्र तिथून सुरू होतं, कारण आपल्या पैशांचं काय झालं हे त्यांना कळलेलं नसतं. दहा दिवसांच्या आत एका पानाचा हिशोब प्रत्येकाला पाठवा: किती जमले, संस्थेला कोणत्या तारखेला किती दिले, धान्य किती पोती, राइडचा खर्च कुठून झाला. एप्रिलमध्ये आईबाप परतले की किती मुलं पूर्ण हंगाम शाळेत राहिली तेही कळवा. संख्या अपेक्षेपेक्षा कमी असेल तरी तीच कळवा.

देणग्यांचं विवरण संस्थेला मेअखेरपर्यंत आयकर विभागाकडे भरावं लागतं, त्यानंतरच दात्याचं प्रमाणपत्र निघतं. ज्यांचा पॅन राहिलाय त्यांची यादी जानेवारीतच काढा आणि संस्थेने फोन करायची वाट न बघता स्वतः फोन करा. ते पैसे तुमच्या ओळखीवर आले होते.