तुपिलाक मूर्तीची पारख कशी करावी

पूर्व ग्रीनलंडमधील तासीलाक परिसरात कोरल्या जाणाऱ्या तुपिलाक मूर्तीची पारख तिच्या भयंकर चेहऱ्यावरून नव्हे, तर ती कशात कोरली आहे यावरून सुरू करावी. मूळ तुपिलाक म्हणजे वैऱ्यावर सोडायचा मंतरलेला जीव; ती जतन करण्याची वस्तू नव्हतीच. वैऱ्याचा जीव घेण्यासाठी जाणकार माणूस प्राण्यांची हाडे, कातडे आणि केस गुपचूप एकत्र बांधून, मंत्र म्हणून त्यात प्राण घालत असे व ती समुद्रात सोडत असे. वैऱ्याची विद्या वरचढ ठरल्यास ती उलटून करणाऱ्यालाच गिळते, अशी समजूत होती. १८८४ मध्ये गुस्ताव होल्म यांची डॅनिश मोहीम तेथे पोहोचली आणि पुढे या अदृश्य जीवाचे रूप परक्यांना दाखवण्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाच्या दातात मूर्ती घडू लागल्या. त्यामुळे ‘शेकडो वर्षांपूर्वीची, मंतरलेली’ म्हणून कोणी दाताची मूर्ती पुढे केली, तर तो दावा मुळीच मानू नये.

मूर्ती उलटी धरून तिचे बूड भिंगाखाली पाहावे. स्पर्म व्हेलच्या दाताच्या आडव्या छेदात एकात एक गोल किंवा लांबट वलये दिसतात, बाहेरचा जाड थर आतल्या भागापासून स्पष्ट रेषेने वेगळा असतो, आणि दाताच्या मुळाकडचा भाग वापरला असल्यास तेथे शंकूसारखी पोकळी आढळते. वॉलरस या लांब सुळ्यांच्या समुद्री प्राण्याच्या सुळ्याचा गाभा दाणेदार, संगमरवरी दिसतो, तर रेनडिअरच्या शिंगाचा गाभा सच्छिद्र असतो. सगळीकडे एकसारखा पोत आणि कडेने साच्याची बारीक शिवण असेल, तर ते प्लास्टिक समजावे. तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याची पद्धत मात्र टाळावी, कारण खरी मूर्ती त्याने कायमची डागाळते.

विकत घ्यायचीच असेल, तर शिंगाची घ्यावी. कोरणाऱ्याचे कौशल्य त्यातही तितकेच दिसते. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय साइट्स (CITES) कराराच्या सर्वांत कडक, पहिल्या परिशिष्टात स्पर्म व्हेल असल्याने त्याच्या दाताची मूर्ती हौसेने भारतात आणणे म्हणजे कायद्याच्या कचाट्यात सापडणे होय. कोकणात ज्या ‘उलटी’च्या तस्करीच्या बातम्या येतात, ती याच प्राण्याची.

घरी दाताची जुनी मूर्ती असल्यास ती उन्हापासून व दिव्याच्या उष्णतेपासून दूर ठेवावी, पाण्याने कधीही धुऊ नये आणि धूळ मऊ, कोरड्या कुंचल्यानेच झाडावी. हवेतील दमटपणा एकाएकी बदलला, तर दात वलयांच्या रेषेने तडकतो.